फाटकावरचं लिमिटेड

मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. धाटावच्या कंपन्यांबाहेर रिकामे ड्रम विकत घेण्यापासून सुरुवात केली. आज पेणला टाइल्स आणि नळांचं दुकान आहे, वर घर आहे. पण एक सौदा मला जमत नव्हता. बाबा रोह्याला धाकट्याकडे राहायचे. थोरला मी, घर मोठं माझं, आणि बाबा त्याच्या दोन खोल्यांत. नातेवाईक विचारायचे तेव्हा मी हसून वेळ मारून न्यायचो आणि घरी येऊन बायकोवर डाफरायचो.

बाबांचं म्हणणं एवढंच, की लाईट रोह्यालाही जाते, पण तिथे ओटीवर वारा येतो. पेणच्या घरात उकाडा सोसत नाही. मी शब्द दिला, माझ्याकडे पंखा थांबणार नाही. आणि छपरावर सोलर बसवायला काढलं.

विक्रेता कागद घेऊन आला. त्यावर दोन ओळी होत्या, ‘फुल बॅकअप’ आणि ‘लिमिटेड बॅकअप’. आता लिमिटेड हा शब्द मी कुठे शिकलो, ते सांगितलं पाहिजे. धाटावला मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर नावाच्या शेवटी तो असतो. तो असला की आत कँटीन, बूट, दिवाळीला मिठाईचा डबा. नसला की पत्र्याची शेड. बाबांनी अशाच एका लिमिटेडमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली सव्वीस वर्षं काढली. परमनंट कधी झाले नाहीत, पण कंपनीचं नाव सांगताना शेवटचा शब्द कधी गाळला नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. फुल म्हणजे नुसतं भरपूर, लिमिटेड म्हणजे कंपनीचं, पक्कं. आणि कागदावर लिमिटेड स्वस्त होतं. मला वाटलं, छापताना याची चूक झाली. ती त्याच्या लक्षात येण्याआधी मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथूनही त्याला खाली ओढायला लागलो. यात घरातलं सगळं चालणार नाही, असं काहीतरी तो सांगत होता. महाग माल गळ्यात मारायचा असला की विक्रेते असंच बोलतात, मीही बोलतो. तो पटकन उतरला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बाबा आले ते एका पिशवीनिशी. ट्रंक रोह्यालाच ठेवली, हे मी पाहिलं. त्यांना मागची खोली दिली, नवा एसी लावून. चौथ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. छपरावर ऊन नुसतं ओतत होतं. टॉवेलने वारा घेत बाबा खोलीतून बाहेर आले आणि हॉलच्या दारात थबकले. हॉलमधला पंखा जोरात फिरत होता, रिकाम्या सोफ्यावर. घरात तेवढाच चालू होता. तो, तीन दिवे आणि टीव्ही.

“सोफ्याला उकडतंय वाटतं,” बाबा म्हणाले.

मी विक्रेत्याला फोन केला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तासाभरात तो आला, लाईट अजून आली नव्हती. येताना माझी सही असलेला कागद घेऊन आला. बॅटरी लहान आहे, तिच्यावर एकच लाइन चालते आणि पाहुणे बसतात म्हणून हॉलची लाइन तुम्हीच सांगितलीत, हे त्याने शांतपणे ऐकवलं. लिमिटेड म्हणजे थोडंच. मी म्हटलं, मग मराठीत लिहायचं.

“मराठीत मर्यादित लिहितात, शेठ. ते वाचून काय समजला असता?”

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पतपेढीची पाटी आली. तिच्यावरही शेवटी तेच आहे.

बाबा मात्र पुढे सरकले. “मग कंपनीच्या फाटकावर लिवतात ता? तिथं काय थोडं असतं?”

विक्रेत्याने जरा विचार केला. “मालकाची जबाबदारी. कंपनी बुडाली तर त्याने किती भरायचं, याला मर्यादा.”

“व्हय,” बाबा म्हणाले. “म्हणजे फाटकावरच लिवलेलं. आम्हीच नाय वाचलं.”

एवढं बोलून ते आत गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. हॉलची लाइन काढून मागच्या खोलीला देता येईल का, एसी नाही तरी पंखा तरी, असं मी घाईघाईने विक्रेत्याला विचारत होतो. आयुष्यात पहिल्यांदा, किती घेशील ते न विचारता. बाबांनी पिशवी सोफ्यावर ठेवली.

“हा उचल. खाट हितं टाक.”

त्या हॉलमध्ये मी बिल्डरांना बसवतो, टाइल्सचे नमुने दाखवतो. आता सोफा मागच्या खोलीत एसी खात पडलाय आणि पंख्याखाली बाबांची खाट आहे, खिडकीच्या गजाला त्यांची बनियन. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी लिमिटेडचा अर्थ सांगतात. मग गिऱ्हाईक माझ्या दरांचा कागद दोनदा वाचतं. विक्रेत्याने मला फसवलं, असं मी आजही म्हणतो. समोरचा चुकतोय हे दिसत असताना भाव उतरवून सही घ्यायची, ही फसवणूकच. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, ती गोष्ट वेगळी.

परवा धाकट्याचा फोन आला, बाबा अजून किती दिवस आहेत म्हणून. मी फोन खाटेकडे धरला.

“मुक्काम लिमिटेड हाय,” बाबा म्हणाले.

धाकटा हसला. मला हसू आलं नाही. विक्रेत्याचं लिमिटेड, म्हणजे थोडेच दिवस, की फाटकावरचं, जिथे माणूस सव्वीस वर्षं काढतो? ट्रंक अजून रोह्यालाच आहे. मी विचारलेलं नाही. विचारलं की समोरचा भाव सांगून मोकळा होतो, एवढं धंद्यात शिकलोय.