डाव्या पायाचा भाडेकरू

गुणी पण भांडखोर असा जुना खेळाडू फुटबॉलच्या संघाने दुसऱ्याकडून मागून घ्यावा का, असा वाद टीव्हीसमोर सुरू झाला, की माझा जावई आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या मुलीकडे बघून हसतो. असा एक खेळाडू माझ्या नावावर होता. अगदी कायदेशीर, अकरा महिन्यांच्या करारावर.

नारायण पेठेतून आम्ही वाघोलीला आलो ते सॉफ्टवेअरच्या भरभराटीच्या दिवसांत. मी सॉफ्टवेअर कंपनीत होतो खरा, पण सॉफ्टवेअर केलं ते इतरांनी. मी त्यांच्या बसची आणि जेवणाची सोय बघायचो. तरी त्यांच्या वाऱ्याने माझाही पगार फुगला आणि तेव्हा सगळ्यांना झालं ते मलाही झालं. एका फ्लॅटमध्ये राहायचं आणि दुसऱ्याचे हप्ते भरायचे. तो दुसरा फ्लॅट आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर होता. त्यात विदर्भातली तीन मुलं भाड्याने राहत. तिघंही आयटीत, तिघंही फुटबॉलवेडे.

आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये एक मोकळा प्लॉट होता. खेळायला तेवढीच जागा. म्हणून दोन्ही सोसायट्यांनी एक रीत पाडली होती: सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की फुटबॉलचा सामना. जिंकेल त्याला वर्षभर रविवारची सकाळ. हरेल त्याला रविवारी दुपारी एक ते चार. पुणेकराला दुपारी एक ते चार मैदानात उभं करणं ही शिक्षा काय असते, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आम्ही ती ओळीने भोगत होतो.

संघाचा मॅनेजर मी. आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, त्यामुळे माझ्या निवडीला कोणाचा विरोध नव्हता.

शेजारच्या सोसायटीत एक पंचेचाळिशीचे गृहस्थ भाड्याने राहत. मूळचे खडकीचे. एका कारखान्याने त्यांना फुटबॉलसाठीच नोकरीत घेतलं होतं. पुढे परदेशी माल आला, कारखाना बंद झाला, डावा पाय तेवढा शिल्लक राहिला. पण काय पाय! चेंडू त्यांच्या पायाजवळ यायचा आणि ओळखीचं कुत्रं बसावं तसा बसायचा. ख्याती मात्र भांडणाची. रेफरीची शिट्टी हिसकावून नाल्यात फेकली होती. त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा तीनदा बंद पाडली होती. भांडतात कशावरून, हे विचारावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. गुणी माणूस म्हटला की तिरसट असायचाच, असं आम्ही पेठेत शिकलो होतो.

नियम असा, की खेळाडू त्या सोसायटीत राहणारा हवा. आमचे चेअरमन चहा पिताना म्हणाले, "मग राहू दे की आपल्याकडे. तुमचा फ्लॅट आहे."

"तिथे मुलं आहेत."

"बॅचलर आहेत. कमिटीला आधीच नकोत. ती पलीकडे द्या, त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेत."

शेजारचे चेअरमन बॅचलर लोकांना दारात उभं करत नसत. पण या व्यवहाराला त्यांनी एका वाक्यात होकार दिला, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून पेढे आले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. मी दोन पेढे खाल्ले.

"तीन देऊन एक आणलात?" बायको म्हणाली. "भाजी तरी नीट घेता का तुम्ही?"

मुलांनी बिचाऱ्यांनी सामान बांधलं. जाताना एकाने एवढंच विचारलं, "काका, त्यांच्यासोबत खेळले आहात का कधी?" मी म्हटलं, मी कोणासोबतच खेळलो नाही. "मग ठीक आहे," म्हणून तो हसला.

नवे भाडेकरू सपत्नीक आले आणि दुसऱ्याच दिवशी सरावाला उभे राहिले. पहिल्या आठवड्यात दोघे संघ सोडून गेले. एकाला ते म्हणाले होते, "तुम्ही धावता छान. चेंडूच्या दिशेने धावून बघा एकदा." मला ते 'साहेब' म्हणत. अपमान आहे हे मला कळायचं, पण शब्दात पकडता यायचा नाही.

सव्वीस जानेवारी आली. रेफरी म्हणून पलीकडच्या बंगल्यातले निवृत्त पीटीचे सर. पहिला गोल पलीकडून झाला, आमच्याच जुन्या भाडेकरूंपैकी एकाने केला. मग यांनी डाव्या पायाने बरोबरी केली. तो गोल बघताना चेअरमननी माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. एक-एक. शेवटची काही मिनिटं. उजवीकडून चेंडू उंच आला, गर्दीत हे उडाले आणि चेंडू जाळ्यात! सरांनी गोलची शिट्टी मारली. आम्ही नाचलो. मी चेअरमनना मिठी मारली, ही गोष्ट आम्ही दोघांनी नंतर कधी काढली नाही.

नाचता नाचता दिसलं, की आमचा हीरो सरांसमोर उभा राहून भांडतोय.

"गोल नाही सर. हाताला लागला."

"मी बघितलं नाही तसं."

"तुम्ही काय बघणार? हात माझा आहे!"

"निर्णय दिलाय मी. जागेवर जा."

हे जागेवर गेले नाहीत. चेंडू उचलून त्यांनी पलीकडच्या गोलकीपरच्या हातात दिला. सरांनी दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा खिशातून लाल कार्ड काढलं. स्वतःचा गोल रद्द करा म्हणून भांडताना मैदानाबाहेर गेलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आमचा संघ आ वासून उभा होता. पलीकडचाही. फक्त विदर्भातली तिघं शांत होती. नाल्यातल्या शिट्टीची हकिगत मला त्यांनी तेव्हा सांगितली. ते भांडणही यांच्याच संघाला फुकट मिळालेल्या पेनल्टीवरून झालं होतं.

गोल कायम राहिला. आम्ही दोन-एक जिंकलो. रविवारची सकाळ आमची.

संध्याकाळी ते खाली आमच्याकडे आले. "साहेब, सामना परत खेळायचा असं कळवा त्यांना."

"अहो, रेफरीने दिलाय गोल!"

"त्यांनी दिला. मी केला नाही."

हे काय मागणार ते ओळखून चेअरमनचा निरोप आधीच येऊन गेला होता: सामना परत झाला, तर या माणसाला फ्लॅटमधून काढायचं. म्हणजे कळवलं तर पोरांची सकाळ धोक्यात, आणि या माणसाचं घरही. मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? तुम्ही रविवारी सकाळी सातला उठला आहात कधी?"

उठलो नव्हतो. शिवाय सामन्यात मी गोलपोस्टला टेकून उभा होतो. हात मलाही दिसला होता.

मी कळवलं. पुढच्या रविवारी सामना ठरला. आमची पोरं माझ्याशी बोलत नव्हती, पण डावा पाय आपल्याकडे आहे एवढा धीर होता. सामन्याच्या दिवशी ते साध्या कपड्यांत येऊन कडेला बसले.

"अहो, तयार व्हा!"

"लाल कार्ड आहे मला. पुढचा सामना खेळता येत नाही."

"पण तो सामनाच आपण रद्द केला ना?"

"सामना रद्द झाला. कार्ड कशाला रद्द होईल? मी सरांचा अपमान केला होताच की."

मीही त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही तीन-शून्य हरलो. तीनही गोल त्या तिघांचे. प्रत्येक गोलनंतर ते लांबून "काका!" म्हणून हात करायचे.

एप्रिलमध्ये, रणरणत्या उन्हात, दुपारी दीड वाजता आमचा सराव चालायचा. करार त्याच महिन्यात संपत होता. कमिटीने "योग्य तो निर्णय घ्यावा" असं मला तोंडी सांगितलं होतं. मी तो घेतला होता, आणखी अकरा महिन्यांचा. तेव्हापासून चेअरमन लिफ्टमध्ये माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलत. मी छत्री उघडून मैदानाच्या कडेला बसलो होतो. सोडून गेलेल्यांपैकी एक पोरगा परत आला होता, आणि आता चेंडूच्या दिशेने धावत होता.

एवढ्यात शिट्टी वाजली. सगळे थांबले. भाडेकरू थेट माझ्याकडे चालत आले.

"साहेब, तुमची छत्री रेषेच्या आत आलीय. जरा मागे सरका."

मी खाली बघितलं. वीतभर आली होती. मी सरकलो.