मान हलवायची नाही

न समजता समजल्याचं सोंग करणाऱ्या माणसाचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना जेवढा राग येतो, तेवढा पुणेकरांना ट्रॅफिकचाही येत नसेल. बाईंनी नोकरीभर ऐकू न येणाऱ्या मुलांना गणित आणि मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत तोच उद्योग पुढे चालू ठेवला. त्यातून त्यांचं एक ठाम मत झालंय: या मुलांचा घात कान करत नाहीत, मान करते. शाळेत, दवाखान्यात, घरी, जो तो तोंड फिरवून काहीतरी पुटपुटतो आणि वर विचारतो, ‘समजलं ना?’ मूल मान हलवतं. मोठ्यांचं काम संपतं आणि मूल होतं तिथंच राहतं. याला आपण शिक्षण म्हणतो!

आमची ओळख भांडणातून झाली. मी चळवळीतली मुलगी, खालच्या खोलीत पत्रक लिहीत बसले होते आणि डोक्यावर धाडधाड आणि पोरांचा ओरडा चाललेला. ऐकू न येणाऱ्याला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटतात, तो हादरा त्याला कळतो, हे मला कुठे ठाऊक! तावातावाने वर गेले. बाई म्हणाल्या, “आवाज येतो खाली? उत्तम. शाळांच्या पाट्यांवर अजून ‘मूकबधिर’ लिहितात लोक. त्यांना घेऊन या एकदा, मूक म्हणजे काय ते ऐकतील.” आणि मला बसवून एक भाकरवडी हातात दिली. ती वजाबाकीतली होती, हे नंतर समजलं. बाईंच्या वर्गात वजाबाकी फळ्याआधी बाईंच्या पोटात होते. मुलाच्या पुढ्यातल्या दोन उचलून त्या खातात आणि खुणेने, तोंडाने, भुवयांनी विचारतात, ‘किती उरल्या?’ एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त देतात आणि ज्याला कमी मिळाल्या त्याला भांडायला लावतात. खुणा कर, ओरड, काहीही कर. पण शेवटी ‘मला तिच्यापेक्षा तीन कमी मिळाल्या’ हे अख्खं वाक्य फळ्यावर आलंच पाहिजे. कारण शाळेत या मुलांना नुसती आकडेमोड देतात. अधिकचं चिन्ह दिसलं, बेरीज केली, शाबास! वाक्यातलं गणित आलं की गाळून टाकतात. का, तर ‘यांची भाषा कच्ची आहे’. अहो, वाक्यच द्यायचं नाही म्हटल्यावर भाषा पिकणार कशी?

मान हलवणाऱ्यांसाठी बाईंचे सापळे वेगळेच. मधूनच गंभीर चेहऱ्याने त्या सांगतात, “कात्रजच्या डेअरीत आता सापाचं दूध मिळतं. समजलं?” जो मान हलवेल त्याने पुढे येऊन सापाची धार कशी काढतात ते सगळ्यांना करून दाखवायचं. हसून हसून पोरं लोळतात, आणि पुढच्या वेळी एखादं बिचकत हात वर करून ‘नाही समजलं’ म्हणतं. त्या दिवशी बाई सणासारख्या खूश असतात. माझीही सुटका नाही. माझं एक पत्रक वाचून त्या म्हणाल्या होत्या, “आवेश छान आहे. तुला स्वतःला समजलंय का काय हवंय ते?”

या सगळ्याची परीक्षा झाली ती ऋतुजाच्या अकरावीच्या प्रवेशाला. बाईंची ही जुनी विद्यार्थिनी. तिला कॉमर्सला गणित हवं होतं, पुढे हिशेबनीस व्हायचं म्हणून. तिची आई, बाई आणि मी, अशी वरात कॉलेजात गेली. मी तोंड उघडायचं नाही, ही बाईंची अट. टेबलामागच्या सरांनी कंप्यूटरवरून नजर न काढता सांगितलं, “गणित काढून सोपा विषय टाकतोय. समजलं ना?”

ओठ वाचणाऱ्या ऋतुजाला दिसली ती त्यांची फक्त कानशिलं. तिने मान हलवली नाही. आपल्या जाड, खोल आवाजात म्हणाली, “नाही समजलं. वर बघा. परत सांगा.”

मागची रांग चुळबुळली. तिची आई बाईंच्या कानाशी कुजबुजली, “बाई, हलवाया सांगा की मान! सायेब चिडल्यात. त्येवढ्यानं काय बिघडतंय?”

“गणित बिघडतंय,” बाई म्हणाल्या.

सर म्हणाले, “अहो, हिला साधं वाक्य समजत नाही. गणित काय समजणार?”

“आपण मॉनिटरला सांगितलंत, सर. त्याला समजलं असेल. आता तिला सांगा.”

सरांनी मान वर केली आणि ते एकेक शब्द तोडत म्हणाले, “तुझं. गणित. काढतो.”

“का?”

“तुझ्याच सोयीसाठी.”

“मला नको सोय. गणित पाहिजे.”

सरांनी मुकाट्याने गणित ठेवलं. ती मान हलवती तर तिच्याच होकाराने तिचा विषय गेला असता आणि कुणाला दोषही देता आला नसता. अशा किती पोरांचे विषय रोज जात असतील, या विचाराने माझं डोकं अजून तापतं.

परवा संध्याकाळी मी वर होते, तेव्हा ऋतुजाचा मेसेज आला. बाईंनी वाचून फोन माझ्याकडे दिला. ‘बाई, सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. मी रोज हात वर करते. मुलं हसतात. आज सरांनी विचारलं, समजलं का, तर मी मान हलवली. दमले.’

आता वीज कोसळणार म्हणून मी सावरून बसले. बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, मग फोन परत घेऊन त्यांनी सावकाश टाइप केलं, ‘आज झोप. उद्या सरांना विचार.’

मला राहवेना. म्हटलं, “बाई, उद्याच पत्रक काढते कॉलेजवर. मागण्या सांगा.”

“लिही, मुलांकडे तोंड करून शिकवा.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकीचं ती स्वतः मागेल गं. पोरीला जरा दम तर खाऊ दे.”