नळीतलं रक्त आणि मामांची भाकरी

रक्त द्यायला इतक्या हौसेनं येणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात मामांशिवाय दुसरा झाला नसेल. राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या लॅबमध्ये लोक यायचे ते तोंड पाडून. सुई दिसली की चांगले मिशीवाले गडी भिंतीकडं बघायचे. मामा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षातून उतरतानाच बाही दंडापर्यंत सरकवून यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "काढा डाक्टर! आज डाव्या हाताची पाळी हाय!" मी डॉक्टर नव्हे, साधा टेक्निशियन, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी सांगायचाच कंटाळा आला. तसे तेही माझे कुणी मामा नव्हते. शिरोलीच्या एका कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलेलं. तिथली सगळी माणसं मामा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांचे पाय ऐकेनासे झाले. गल्लीनं लगेच ठरवून टाकलं, मामा प्यायला लागला. मग पुण्याला मोठ्या मशीनमध्ये घालून बघितलं तेव्हा नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. उंदरानं वायरवरचं रबर कुरतडावं तसं शरीर आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण खातं. हा आजार महिनोन्‌महिने झोपतो आणि मग अचानक उठून झटका देतो. मामांनी त्याला 'पावणा' म्हणायला सुरुवात केली, कारण न सांगता यायचा आणि जाताना कायतरी उचलून न्यायचा. त्यात अंगाला उष्णता लागली की त्यांच्या डोळ्यांपुढं धूसर व्हायचं, आणि मामांची जागा तर भट्टीच्या तोंडाशी! मालकानं सरळ सांगितलं, "पावणा झोपलाय असा कागद आणा मामा, आन्‌ दुसऱ्या दिवशी कामावर या." मामी केव्हाच गेलेल्या, मूलबाळ नाही. मामांना काम पाहिजे होतंच, पण त्याहून जास्त, दुपारी गोल करून डबे सोडणारी ती माणसं परत पाहिजे होती. "घरात घास तोंडात नुसता फिरतोय, खाली जात न्हाय," असं ते एकदा म्हणाले आणि लगेच विषय बदलून माझ्या पंख्याला नावं ठेवायला लागले.

पण तो कागद आणायचा कुठून? पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार जागा आहे की झोपलाय हे रक्तावरून कळत नाही. मामांच्या मते ते डॉक्टर आळशी होते. "भट्टीतला रस चमचाभर काढून बघितला की अख्खी भट्टी कळती. मग माझ्या रगतानं काय घोडं मारलंय?" असं म्हणत ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ईएसआर करायला यायचे. ह्या तपासणीत रक्त एका उभ्या बारीक नळीत भरून ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते मोजायचं. अंगात कुठं सूज असली की त्या भराभर बसतात. कुठं आणि कशाची, ते नळी सांगत नाही. तो सगळा तास मामा नळीपुढं स्टूल टाकून बसायचे. टेबलाला कुणाचा धक्का लागला की खेकसायचे, "हळू की! दिसत न्हाय व्हय, रगत बसतंय!" पुढं मी अर्ध्या वेळात काम उरकणारं मशीन आणलं, तर मामा रुसले. त्यांच्यासाठी ती जुनी नळी मी शेवटपर्यंत ठेवली.

ह्या तपासणीला उपाशी यायची गरज नसते. हेही मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. तरी मामा उपाशीच यायचे आणि तास संपला की पिशवीतून डबा काढायचे. स्वतः थापलेल्या भाकरी, लसणाची चटणी, दही. दोघांपुरतं. "रगत घेतलंसा, आता खावा." नाही म्हणायची सोय नव्हती. खाता खाता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. नळी महिनोन्‌महिने नॉर्मल सांगायची, पण भाकरी बदलायची. कधी गोल आणि पातळ, कधी जाड, एका बाजूनं फाटलेली. ज्या महिन्यात फाटलेली, त्या महिन्यात मामांचा हात डब्याचं झाकण काढताना थरथरायचा.

एकदा नळी खरंच भराभर उतरली. मामा उठून उभेच राहिले. "पावणा जागा झाला!" शेजारच्या दुकानातून पुण्याला फोन लावला, सगळी राजारामपुरी ऐकेल एवढ्या आवाजात. निघाली सुजलेली दाढ. ती दाढ पुढं कित्येक महिने आमच्या चेष्टेचा विषय होती. आणि एकदा नळी अगदी शहाण्यासारखी नॉर्मल दाखवत असताना त्याच आठवड्यात मामांचा उजवा डोळा गेला. पुढच्या महिन्याच्या सोमवारी ते नळीपुढं बसले नाहीत. "माझंच रगत माझ्याशी खोटं बोलतंय डाक्टर," एवढंच म्हणाले आणि डबा न सोडताच गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी पेपरात छापून आलं की परदेशात ह्या आजाराची चाहूल देणारी अँटीबॉडी रक्तात सापडली. मामा तो पेपर घडी करून खिशात घेऊन फिरायचे. मीही मुंबईला ओळखीच्यांकडं चौकशी केली. पुढं कळलं की ती खूण भरवशाची निघाली नाही. ते सांगायचं माझ्या गळ्यात आलं. मी धीर करून सगळंच बोललो. "मामा, आता रक्त देऊ नका. उपयोग नाही. माझ्या नळीपेक्षा तुमची भाकरी जास्त सांगते."

मामा डब्याकडं बघत राहिले. "ते मला ठावं न्हाय व्हय? पण भाकरीचा कागद मालक घेतोय व्हय?" मग हळूच विचारलं, "म्हंजी, सोमवारी यायचं न्हाय?"

मीच तुमच्या घरी येतो, असं म्हणालो. तशी मामांनी बाही खाली ओढली, बटण लागेना म्हणून माझ्यापुढं हात केला. मी ते लावून दिलं. "या की. सुई नगा आणू," मामा म्हणाले. "पण उपाशी या."

मग मी जायला लागलो. पुढं त्यांना पीठही मळता येईना, तेव्हा ते खाटेवरनं हुकूम सोडायचे आणि मी थापायचो. माझी पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत तीन ठिकाणी फाटली. मामांनी ती चांगल्या डोळ्याजवळ धरून बघितली आणि खदाखदा हसले. "डाक्टर, तुमचा पावणा जागा हाय की!" त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. झिजलेल्या मज्जातंतूंचा अंश रक्तात उतरतो आणि तो आता मोजता येतो म्हणतात. रक्त कुरिअरनं मोठ्या शहरात जातं आणि आकडा कॉम्प्युटरवर येतो. मामा इतकी वर्षं शोधत होते तो कागद बहुतेक तोच असावा. पण त्यासाठी नळीपुढं कुणी बसायचं नसतं, कुणाला उपाशी यायचं नसतं. मामांना ते पटलं नसतं.