निंबाचं सरबत

अक्का कोणत्याही साहेबाच्या खोलीत शिरल्या की आधी भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद करायच्या, मग नमस्कार करायच्या. साहेब दचकून वर बघायचे. टेबलावरचे फडफडणारे कागद गप्प व्हायचे आणि अक्का खुर्ची ओढून घेत म्हणायच्या, "हां. आते बोला."

जळगावच्या मे महिन्यात बंद पंख्याखाली बसून पाहा. माणूस मुद्द्यावर फार लवकर येतो.

अक्का नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा निवृत्त झालेल्या. मी सहकारी बँकेत नोकरीला होते आणि आमच्या गल्लीच्या समितीचं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. कामांची यादी करायची, झालेल्या कामावर रेघ मारायची, ही माझी पद्धत. अक्कांना ती मुळीच पटत नसे. "रेघ कशाले मारस? काम केलं का त्यासनी, ते जाऊन बघ आधी," असं म्हणून त्या मला चप्पल घालायला लावायच्या.

गावातल्या निम्म्या नगरसेवकांना त्यांनी लहानपणी लस टोचलेली होती. याचा त्या बेधडक वापर करत. एकदा एक नगरसेवक ऐटीत म्हणाले, "अक्का, गावाचा विकास नको का व्हायला?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुला देवी टोचताना तुझ्या बापाने पाय धरले होते आणि मी हात. इतकं रडलास, की बाहेरची रांग पळून गेली. विकासाचं नंतर सांग. आधी या उन्हात उभा राहून दाखव." बाकीचे नगरसेवक हसले, पण जपूनच. आपलीही पाळी येईल ही धास्ती होती.

विषय होता दवाखान्यासमोरच्या रस्त्याचा. तो रुंद करायचा ठरला होता आणि दोन्ही बाजूंचे जुने निंब तोडायचे होते. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. रावेर-चोपड्याकडून सकाळच्या गाडीने आलेले पेशंट दुपारपर्यंत त्या झाडांखालीच थांबायचे. "ताप घेऊन आलेला माणूस ऊन लागून आडवा पडेल," अक्का म्हणायच्या. "लोक म्हणतात ऊन वाढलं. वाढलं असेल. पण सावल्या कोणी कमी केल्या, ते विचारा की."

झाडं तोडू नयेत असा पालिकेच्या साहेबांना अर्ज मी लिहायला घेतला. 'कडुनिंब' असा शब्द घातला, तर अक्कांनी हात धरला.

"आमनाकडे निंबले निंबच म्हणतस."

"अक्का, साहेब नवे आहेत. कोकणातले."

"मग शिकतील."

मी 'निंबाची झाडे' असं लिहिलं.

यथावकाश उत्तर आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले. 'सदर निंबूची झाडे ही फळझाडे असून खाजगी मालकीची दिसतात. संबंधितांनी फळे उतरवून घ्यावीत, जेणेकरून वृक्षतोडीस अडथळा येणार नाही.'

साहेबांनी दवाखान्याचा रस्ता पाहिलेलाच नव्हता, हे त्या एका ओळीत कळत होतं. मला संताप आला. अक्का मात्र पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठून पातेलं शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पालिकेत. अक्कांच्या हातात झाकलेला तांब्या. पंखा बंद झाला. पेला भरून साहेबांपुढे सरकवला गेला.

"आपण फळं उतरवायला सांगितली होती. सरबत करून आणलं."

साहेब भला माणूस. घामाघूम झालेला. त्याने मोठा घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की दाराशी उभा असलेला शिपाई तोंड फिरवून व्हरांड्यात गेला.

"हे... हे काय आहे?"

"आपल्या पत्रातलं निंबू," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे हे असंच कडू लागतं."

मला वाटलं, आता बाहेर काढतील. साहेबांनी घटाघटा पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला. दाखवा तुमची झाडं."

भर उन्हात ते आमच्याबरोबर चालत आले. दवाखान्यासमोर उभं राहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ही रांग अशी वाकडी का?" खरंच, रांग दाराकडे जातच नव्हती. सावली जशी पडली होती तशी ती झाडाझाडांखालून वळत गेली होती. आम्ही उभे असतानाच सावली सरकली आणि कोणी काही न बोलता माणसं आपापली गाठोडी उचलून तेवढीच सरकली. एक म्हातारी झोपलेली होती, तिला शेजारणीने खांद्याला धरून सावलीत ओढलं. साहेबांनी रुमाल डोक्यावर घेतला.

दवाखान्याकडची झाडं वाचली. रस्ता समोरच्या बाजूने रुंद झाला आणि तिकडचे निंब गेले. गल्लीत पेढे वाटायची गोष्ट निघाली, तेव्हा अक्का चिडल्या. "अर्धंच झालं ते. पेढे कसले?" तोडणीच्या दिवशी त्या समोरच्या बाजूला करवतीचा आवाज थांबेपर्यंत उभ्या होत्या. मी छत्री धरली, ती त्यांनी बाजूला केली.

काही वर्षांनी, असाच उन्हाळा असताना, अक्का गेल्या. अंत्ययात्रा त्याच रस्त्याने निघाली. तिरडी खाली ठेवायची विसाव्याची जागा पुढे नाक्यावर ठरलेली. गुरुजी तसं म्हणालेही. पण दवाखान्यापाशी येताच पुढचे खांदेकरी थांबले. त्यांच्यात ते लस टोचलेले नगरसेवकही होते. कोणी सांगितलं नव्हतं.

निंबाखाली पेशंटची रांग बसलेली होती. "कोन शे?" एका बाईने विचारलं. "दवाखानानी बाई शे," कोणीतरी म्हणालं.

रांगेतली माणसं उठली, उन्हात सरकली आणि त्यांनी अक्कांसाठी सावलीत जागा केली.