सात नंबरचं घरटं

दारव्ह्यात सुखीबाईची कीर्ती दोन गोष्टींसाठी. खुडूक कोंबडी तिच्या हातानं अंड्यांवर बसवली की एक अंडं वाया जायचं नाही, ही एक. दुसरी, बाया मागून बोलत ती, की हिची स्वतःची कूस काही उजवली नाही. आणि बोलून झालं की त्याच बाया अंड्यांची टोपली घेऊन तिच्याच दारात हजर! आता बोला.

भावाची निकिता कॉलेजातर्फे कोकणात कासवं वाचवायला निघाली, तर आत्याही सोबत निघाली. शेजारची सत्यशीला खिदळली, "काय वं सुखीबाई, आता समुद्राले अंड्यावर बसवतं का?"

"तुह्यासारखी कटकटी नांदवली या गल्लीनं, समुद्र कायची चीज आहे!"

कासवीण वाळूत अंडी घालते अन् समुद्रात निघून जाते. कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून तिथली माणसं ती कुंपणाआड नेऊन पुरतात. पहिल्याच सकाळी एकशेबारा अंडी सुखीबाईनं स्वतः वाहून नेली. खड्ड्यावर सात नंबरची पाटी लागली. तिथला कासवमित्र म्हणाला, "काकी, हे तुमचं घरटं हां. आता हात नाही लावायचा."

त्यातलं 'तुमचं' तेवढं तिनं घेतलं. हात लावू नका, हे शहरातल्या पोरांसाठी असणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. कोंबडी दिवसातून चारदा चोचीनं अंडी फिरवते, नाहीतर पिलू कवचाला चिकटतं. ही तर बिनमायची. यांना कोण फिरवणार?

दुपारी सगळे जेवायला गेले की राखणीला ती एकटीच. वाळू उपसायची, एकेक अंडं हलक्या हातानं उलटं करायचं, पुन्हा झाकायचं. परतीपर्यंत चार दुपारी हेच.

मग दारव्ह्यात पन्नास दिवस "माही पिलं निंगतीन आता" ऐकून गल्लीचे कान किटले.

कासवमित्राचा फोन निकिताला आला. बाकी सगळ्या घरट्यांतून पिलं समुद्रात गेली होती. सातमधून एकही नाही.

"आत्या, ते विचारून राह्यले, कोणी अंडी हलवली होती का? कासवाचं अंडं पुरल्यावर उलटं झालं की आतलं पिलू मरते म्हणे."

"म्या फिरवली ना," सुखीबाई म्हणाली. "रोज. कोंबडी फिरवते तशी."

निकितानं फोन खाली ठेवला. आत्यानंच विचारलं, "तवा जीव होता का वं त्यात?"

"नाही आत्या. नुसती अंडीच होती."

"खोटं नको बोलू. मी जलमभर उजेडासमोर अंडी धरून पाह्यली. तिसऱ्या दिवशी लाल रेघा दिसतात."

निकिता तिचे हात धरायला पुढे झाली. सुखीबाईनं ते पाठीमागे नेले.