एकोणचाळीसमधला नऊ

माणसांना फुकट काही देऊ नये, हे माझं मत फार जुनं आहे. तरी मी लायब्ररी लिहिली आणि फुकट वाटली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. माझा कोड स्कॅन केलेल्या कागदांच्या फाइली आवळून लहान करायचा. काळाचौकीच्या आमच्या चाळीत, पोटमाळ्यावर वाकून बसून, लोअर परळच्या ऑफिसला निघण्याआधीचे दोन तास रोज घालून तीन वर्षं मी तो लिहिला. घरच्यांना वाटायचं मी परीक्षेला बसते आहे.

नेटवर टाकल्यापासून जगातले यच्चयावत आळशी माझ्या दारात जमले. कुणाला ती चालवायची कशी ते कळत नव्हतं, कारण कसं चालवायचं ते जिथे लिहिलंय ते वाचायचं नव्हतं. कुणी 'डिअर सर' म्हणून सुरुवात करायचा. ऑफिसातल्या साहेबांनी तर एका मीटिंगमध्ये ती आमच्या टीमची म्हणून दाखवली आणि नंतर मला विचारलं, "बाय द वे, हे करतं काय नक्की?" मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. कळेल अशी अपेक्षाही नव्हती.

खरं तर कळायला काही अवघड नव्हतं. एका पानावर शेकडो आकडे असतात. प्रत्येक सातचं चित्र वेगळं कशाला साठवायचं? एक सात ठेवायचा, बाकी ठिकाणी नुसती खूण करायची की इथे तोच लावा. किती सारखं दिसलं म्हणजे 'तोच', ते मी ठरवलं होतं. ठरवताना छापील इंग्रजी कागद वापरले, कारण तेच हाताशी होते. फाइल इतकी लहान व्हायची की मला स्वतःचं कौतुक वाटायचं, आणि दुसरं कुणी करण्याच्या लायकीचं नसल्याने मीच ते करून घ्यायचे.

एकदा कुठल्याशा गावच्या मुलाने तक्रार टाकली. आजोबांच्या जमिनीच्या हस्तलिखित कागदावर नऊचा एक झालाय, असं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. मी एका ओळीत उत्तर दिलं: आधी कागद नीट स्कॅन करायला शिका. आणि तक्रार बंद केली. बंद केलेल्या तक्रारींकडे वळून बघायची मला सवय नव्हती.

मग आमच्या चाळीचा पुनर्विकास आला. कोणत्या खोलीत कोण किती वर्षं राहतंय याचा पुरावा सर्व्हेला आलेल्या लोकांना द्यायचा होता. बहुतेकांकडे काही ना काही होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्यासाठी नळाची वही होती. पूर्वी मजल्यावर एकच नळ होता तेव्हा कुणी कधी पाणी भरायचं ते चाळ कमिटी त्या वहीत लिहायची. खोली नंबर, माणसाचं नाव, पाळीची वेळ. लिहायचं पाळ्यांच्या क्रमाने, खोल्यांच्या नव्हे. वर्षानुवर्षं असंच, एकाच माणसाच्या हातचं. सर्व्हेवाल्यांनी ती वही पुरावा म्हणून चालेल असं कबूल केलं, पण वहीच्या स्कॅनची फाइल मोठी झाली आणि त्यांची वेबसाइट ती घेत नव्हती.

कमिटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसात जन्म गेलेला माणूस. बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं. "तू ते झिप का काय करतेस ना, तेवढं करून दे." माझ्या तीन वर्षांना 'झिप का काय' म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी फाइल घेतली, जास्तीत जास्त आवळून दिली. अख्खी वही व्हॉट्सॅपवर मावेल इतकी झाली. ते हरखून गेले, पण लगेच म्हणाले, "एकदा पुकारा करून ताडून घेऊया का? एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. आमच्याकडे हजेरीपट असाच तपासायचे."

मी चक्क हसले. "काका, मशीनने केलंय. तुमच्या पुकाऱ्याची गरज नाही. आणि ते मोठे स्कॅनही उडवून टाका, उगाच जागा अडवतात."

त्यांनी उडवून टाकले. मी सांगितलेलं ऐकणारं चाळीतलं ते बहुधा पहिलंच माणूस.

वही उरली होती, वाळवीने अर्धी खाल्लेली. दुसऱ्या कुणी ती रद्दीत घातली असती. पण पहिल्या पानावर 'श्री' होतं, दर दसऱ्याला हळदकुंकू लागून ते पान पिवळं-लाल झालं होतं. असली वही रद्दीत कशी द्यायची? अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर ती विसर्जनाला गेली. मी गॅलरीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, काय लोक आहेत, कागदाचं विसर्जन करतात.

दिवाळीनंतर पात्र भाडेकरूंची यादी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणचाळीस नंबरच्या काकू माझ्या दारात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, खोलीचे बाकीचे कागद दिराच्या नावावर आणि दीर गावी कधीच वारलेला. यादीचा कागद त्यांनी माझ्यासमोर धरला. खोली ३९, पुरावा नाही.

"बाय, ह्यां बघ गो," त्या म्हणाल्या. "माजी खोली खंय गेली?"

मला आधी सर्व्हेवाल्याचीच कीव आली. साधी वही वाचता येत नाही. त्याची अक्कल काढायच्या तयारीने मी फाइल उघडली. काकूंच्या नवऱ्याचं नाव होतं, पण पुढे खोली ३१. पुढच्या पानावरही ३१. एकतीसमध्ये तर दुसरंच कुटुंब, तेही वहीत होतं. म्हणजे लिहिणाराच बेअक्कल. मी पान मोठं करून बघितलं.

प्रत्येक एकच्या शेपटीजवळ शाईचा एक बारीक ठिपका होता. वर, खाली, मागच्या पानावर, सगळीकडे तोच ठिपका, त्याच जागी. माणसाच्या हातून असं होत नाही. त्या माणसाचे नऊ आणि एक मुळात सारखेच दिसायचे, आणि माझ्या कोडने सगळे नऊ उपटून तिथे एकच एक लावला होता. एकोणीस, एकोणतीस यांचीही तीच गत होती. त्यांच्याकडे दुसरे कागद होते म्हणून ते वाचले.

काकू उभ्याच होत्या. "सापडली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

त्या गेल्यावर मी त्या मुलाची बंद केलेली तक्रार उघडली. माझ्या उत्तराखाली त्याची एक ओळ होती, कधीची. मूळ कागद आता उरला नाही, म्हणून विचारलं होतं.

दिवसभर मी ऑफिसात बसून हिशोबीपणाने विचार केला, आणि त्याची मला आजही शिसारी येते. मी बोलले तर अख्खी वही खोटी ठरणार. तिच्यावर आणखी सहा खोल्या टिकून होत्या. गप्प बसले तर एकच खोली जाणार. आणि गप्प बसले तर माझी लायब्ररी शाबूत, हेही मनात होतं. ते आधी होतं, सहा खोल्या नंतर.

संध्याकाळी कमिटीसमोर मी सगळं सांगितलं. घाबरले होते, म्हणून घाईघाईत सांगितलं. कुणाला कोडचं, ठिपक्याचं काही कळलं नसेल असं वाटलं होतं. सेक्रेटरींना सगळं कळलं होतं.

"म्हणजे न बघता सही केलीस," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी शंभर पानी वही मागवली. चाळीतली म्हातारी माणसं गॅलरीत जमली. कुठल्या खोलीत कोण, कुणाची पाळी कुणाच्या मागे, सगळं आठवणीतून. एकाने सांगायचं, दोघांनी दुजोरा द्यायचा, शेवटी सगळ्यांच्या सह्या, आणि सर्व्हेवाल्यापुढे माझा लेखी कबुलीजबाब. त्यावर त्याने काकूंच्या खोलीपुढचं 'पुरावा नाही' खोडून 'तपासणी बाकी' केलं. सहा खोल्यांपुढेही तेच लिहिलं. अजून ते तसंच आहे.

पण ती वही लिहायला त्या संध्याकाळी मला बसवलं होतं. पहिल्या पानावर सेक्रेटरींनी स्वतः 'श्री' काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. ते पुकारायचे, मी लिहायचे, आणि लिहिलेलं मोठ्याने परत वाचायचे. शाळेतल्या पोरीसारखं. एकदाही कुणी मला घाई केली नाही.

"खोली नंबर एकोणचाळीस," ते म्हणाले.

मी तीन काढला. काकू चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

"बाय," त्या म्हणाल्या, "नऊ नीट काढ गो."