एकोणीस शाखा, एकोणीस सरदार

“अहो, सगळेच सरदार, तर मग घोड्यांना चारा कोण घालत होतं?” माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टेबलावर आपटत आमच्या गाइड मॅडम ओरडत होत्या. आवाज असा, की ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली ती थेट शेजारच्या मुरैना गावालाच जाऊन बसली असणार. “हे पुस्तक कुणी लिहिलं ते तळटीपेत आहे. कशासाठी लिहिलं, ते विचारलंत कधी?”

नव्हतं विचारलं. दक्षिणेतून ग्वाल्हेरला आलेल्या शिपाई घराण्यांवर मी सात वर्षं पीएच.डी. करत होतो. माझ्यासोबत नाव नोंदवलेले तेवढ्यात प्राध्यापक झाले आणि टकलेही झाले. चौथं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा कणा, आणि त्या कण्याला आधार एकच: आमच्याच कुळाचा छापील कुलवृत्तांत. एकोणीस शाखा, आणि प्रत्येक शाखेचा मूळ पुरुष घोडदळाचा सरदार. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणीच रद्द.

शेअर टेंपोत बसून शहराच्या लष्कर भागात गेलो. तो ग्रंथ जमवणारे आमचे लांबचे काका तिथे ‘महाराज बाडा’ चौकामागे राहतात. वय म्हणाल तर किल्ल्याहून दोन-चार वर्षांनी लहान. चहा आला, चिवडा आला, मग मी मॅडमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. वाटलं, आता जुने दस्त काढतील, सनदा दाखवतील, निदान एखादी गंजकी तलवार तरी.

काका खुशीत येऊन सांगू लागले. त्या काळी पुण्याकडची स्थळं ग्वाल्हेरच्या मुली म्हटल्या की नाक मुरडायची. हे लोक कोण, यांचं मराठी असं हिंदीत बुडालेलं का, घराणं तरी कसलं? तेव्हा काकांनी घरोघर फिरून नावं गोळा केली, ग्रंथ छापून घेतला आणि मुलीच्या पत्रिकेबरोबर त्याची एक प्रत पाठवायची पद्धतच पाडली.

“आणि सरदार?” मी विचारलं.

“अरे, एका शाखेला दिला की दुसरी रुसून बसते ना. मग सगळ्यांनाच दिला. अठरा मुली उजवल्या त्या पुस्तकाने, तुझी आत्या धरून.”

मूळ कागद होते म्हणे थोडेफार. नावं उतरवून झाल्यावर रद्दीत गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. वर एक शक्कलही काढली: प्रकरण नव्याने लिहितो, असले ग्रंथ कशासाठी रचले जातात यावरच. सात वर्षांत इतकं खरं मी पहिल्यांदाच बोलत होतो. शर्ट घामाने असा भिजला, की पिळला असता तर तिघरा धरण भरलं असतं. मॅडम या वेळी ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिन्याचे सहा दिवस उरले होते.

“विषय चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या विद्यार्थ्याला देईन.”